चांदणीच्या गळ्यातली साखळी

१७ ऑक्टोबर, वसुबारस

जुनी वही भरली, म्हणून आज नवी काढली. बिद्रीच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होतो तेव्हा पाळी संपली की दिवसाच्या चार ओळी लिहून ठेवाव्या लागायच्या. चौथीतनं शाळा सुटलेला माणूस मी, रद्दीच्या पेपरवर अक्षरं घोटत घोटत लिहायला शिकलो. नोकरी सुटली, पण चार ओळी काही सुटल्या नाहीत.

आज चांदणीला आणि तिच्या रेडकाला ओवाळलं. घरात बाईमाणूस एकच, माझी सून स्वप्नाली. तिला तिसरा महिना लागलाय. शेणाच्या वासानं पोटात ढवळतं म्हणाली, तेव्हा पोरानं, म्हणजे विजयसिंहानं, आणि मी मिळून ठरवलं की तिनं गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. आज तेवढी आली, नाकाला पदर लावून.

शेंगदाण्याच्या पेंडीचं पोतं यंदा लवकर खाली चाललंय. चांदणी खाते तेवढीच खाते. घूस लागली असावी.

१९ ऑक्टोबर

चांदणीला कालव्याकडं चरायला नेलं होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीची मागची बाजू तिकडं येते. विजयसिंह ज्या कंपनीत जातो तिच्या तारेच्या कुंपणाखालनं वाट आहे. तिथं गवतात काहीतरी लखलखलं. वाकून बघतो तर वीतभर पोलादी तार, बारीक विणलेली, सापाच्या पिल्लागत लवचिक. एका टोकाला गोल मणी, दुसऱ्या टोकाला शेंगदाण्याएवढी बंद नळी. कसली ठेवणीतली वस्तू! गंज नाही, ओरखडा नाही. खुरप्याच्या मुठीला गुंडाळली आणि सायकलच्या कॅरेजवर वैरणीच्या भाऱ्यात खोचली.

तसाच कुतुबुद्दीनकडं गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचं दुकान. जनावरांचे पट्टे, कंडे, घुंगरं करणारं पंचक्रोशीत आता तेवढंच एक घर उरलंय. आम्ही दोघं एका वर्गात नापास झालेलो.

"हंबीरराव, ही कुणाच्या मोटारसायकलची केबल तोडून आणलीस?"

"केबल न्हाय गा, पोलाद हाय. चांदणीच्या पट्ट्यात मधोमध बसव. पाडव्याला गावानं बघत राह्यलं पायजे."

"म्हस नवरी झाली, आता नवरा कोण? तू का?"

आतनं त्याची मेहमुदा बोलली, "भावजी, तुमची म्हस तरी सजती. माझ्या गळ्यात ह्या माणसानं एवढ्या वर्सांत एक मणी घातला न्हाय."

कुतुबनं तार पकडीत धरली, कवड्यांच्या दोन रांगांच्या मधे ओवली, वर तांबडा गोंडा शिवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, पाडव्याला नारळ जिंकलास तर अर्धा माझा.

२२ ऑक्टोबर, पाडवा

नारळ आपलाच! म्हशी सजवून पळवायच्या, सगळ्यात देखणीला नारळ, ही आमच्याकडची पाडव्याची रीत.

शिंगं घासून तेल लावलं, मोरपिसांचे तुरे बांधले, पायात घुंगरं. पण सगळ्यांची नजर गळ्यावर. उन्हात ती तार अशी चमकत होती की बस. विजयसिंहानं मोटारसायकल पुढं काढली आणि चांदणी तिच्या मागं शेपूट वर करून चौखूर उधळली. पोरांनी शिट्ट्यांनी रान उठवलं.

घरी आल्यावर स्वप्नालीनं दारातच ओवाळलं. चांदणी तिच्या हाताला जीभ लावायला लागली, जशी काही जुनी ओळख. मी म्हणालो, "बघ, तू गोठ्यात येत न्हाईस तरी वळखती."

स्वप्नाली हसली आणि ताट घेऊन आत गेली.

हा साज आता तुळशीच्या लग्नापर्यंत उतरायचा नाही. आमच्या आईची रीत. साज आधी उतरला तर दूध आटतं म्हणायची.

२४ ऑक्टोबर

विजयसिंह रात्रपाळी आणि दिवसपाळी एक करून आला. सगळ्या कामगारांना म्हणे अंगणातला कचरा चाळून काढायला लावला. पाइपांचे जोड तपासणारा बाहेरचा ठेकेदार आहे, त्याचं मापाचं काही बारकं हरवलंय.

"काय हरवलंय तरी?"

"सांगत न्हाईत, आबा. चमकतंय म्हणत्यात. घावलं तर हात लावू नका, म्हणं."

"सोन्याचं असंल."

"तोंडं बगून तसंच वाटतंय," म्हणाला आणि न जेवता झोपला. अंधारात जातो, अंधारात येतो. पोराला आपल्या घरची म्हैस धड दिसत नाही, तिथं कंपनीतलं बारकं काय दिसणार.

२६ ऑक्टोबर

उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा आग आग करतोय. लाल झालंय. वैरण कापताना खाजकुयली लागली असावी. खोबरेल लावलं.

चांदणीला रोज संध्याकाळी गळ्याखाली खाजवायची सवय लावून ठेवलीय मी. पट्ट्याखाली बोटं घातली की डोळे मिटून मान वर करते. आज मात्र मान काढून घेतली.

पेंडीचं पोतं आणखी बसलं. घुशीचं बीळ कुठं सापडत नाही. मेहमुदाभाभींची शेळी तर येत नसेल? विचारायची चोरी, आठवडाभर टोमणे ऐकावे लागतील.

२७ ऑक्टोबर

घरात काहीतरी बिनसलंय. विजयसिंह दुपारीच आला आणि स्वप्नालीला म्हणाला, माहेरी जा. आजच जा. ती म्हणाली, का म्हणून? तर म्हणे, सांगतो तेवढं ऐक. ती म्हणाली, कारण सांगा, जाते. त्यानं तिची पिशवीच काढून पुढं ठेवली. मग ती पण हट्टाला पेटली, जात नाही.

मी मधे पडलो नाही. नवराबायकोचं भांडण म्हणजे वळवाची वावटळ, आली तशी जाते. पण पोराचा चेहरा रागावलेल्या माणसाचा नव्हता, हे माझ्या डोक्यातनं जात नाही. बॉयलरचा काटा लाल पट्टीत गेला की आमच्या हेडमिस्तरीचं तोंड व्हायचं, तसं होतं.

२९ ऑक्टोबर

गुरांचा डॉक्टर येऊन गेला. चांदणीच्या गळ्याखालचे केस हाताला येताहेत. कातडं ओलं झालंय, पोळल्यागत. डॉक्टर म्हणाला, पट्टा घासतोय, काढून टाका. त्याला बरं म्हणालो. पण तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलंय. मग मी पट्टा जरा सैल केला आणि साखळी जखमेवर घासू नये म्हणून हातानं धरून दुसऱ्या अंगाला सरकवली.

माझ्या अंगठ्याला फोड आलाय. कुतुबच्याही दोन बोटांना लाली आहे. म्हणाला, "आपल्या दोघांचंबी म्हातारपण बोटांतनं आलं बग."

३१ ऑक्टोबर

हे डाव्या हातानं लिहितोय. शाळेच्या व्हरांड्यात बसलोय. घर बंद आहे.

संध्याकाळी दूध घालायला सकाळची किटली परत आणावी म्हणून डेअरीत गेलो, तर भिंतीवर नवा कागद. सरकारी शिक्का आणि एक फोटो. फोटोत वीतभर तार, एका टोकाला मणी, दुसऱ्या टोकाला नळी.

मी वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. पाइपांच्या तपासणीतला किरणोत्सर्गी तुकडा हरवला आहे. दिसल्यास हात लावू नये. खिशात, घरात ठेवू नये. लांब जावे, इतरांना लांब न्यावे, या नंबरवर फोन करावा.

कागद भिंतीवरनं ओढून घेतला, किटली तिथंच राहिली. मी कसा पळालो ते मला आठवत नाही.

घरात आलो तर स्वप्नाली गोठ्याच्या दारातनं बाहेर येत होती, पदरानं तोंड पुसत. मी ओरडलो, "भायेर! आदी भायेर हो!" आयुष्यात कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. ती घाबरून रडायलाच लागली. तिच्या हाताला धरलं आणि गल्लीच्या पार शेवटाला चिंचेखाली नेऊन बसवलं. कुतुबला आणि भाभीला दुकानातनं ओढून काढलं. आजूबाजूच्या चार घरांची कडी वाजवली. बॉयलर गळायला लागला तर पहिली माणसं बाहेर, मग बाकीचं. एवढं तरी डोक्यात शिल्लक होतं. मी कागद वाचून दाखवला आणि फोन स्वप्नालीनं लावला, माझी बोटं चालेनात.

मग नुसतं बसून राहायचं. ते फार कठीण. दूध काढायची वेळ टळली आणि चांदणी हंबरायला लागली. सड तटतटले असणार. रेडकू ओरडत होतं. ती मला हाक मारत होती, मला ते कळत होतं. मी उठलो. म्हणालो, लांब काठीला विळा बांधतो, पट्टा तोडतो आणि येतो, किती वेळ लागतोय.

स्वप्नालीनं धोतर धरलं. "मामा, बसा."

"मुकं जनावर हाय ग ते."

"कागदावर काय लिवलंय? हात लावू नका, लांब जावा. तुमीच वाचून दाखवलासा न्हवं?" मग तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "मामा, हे काय हो झालंय?"

मी हात मागं घेतला.

दिवे लागायच्या सुमाराला गाड्या आल्या. त्यांच्या हातातलं यंत्र आमच्या गल्लीच्या तोंडालाच रातकिड्यागत किरकिरायला लागलं. एक माणूस आत गेला, लांब दांड्याच्या कात्रीनं पट्टा तोडला, लांब चिमट्यानं तार उचलून शिशाच्या जड डेऱ्यात टाकली आणि पळत बाहेर आला. यंत्र गप्प झालं. एवढंसं काम. पाडव्याला साज चढवायला मला सकाळ लागली होती.

१ नोव्हेंबर

विजयसिंह शाळेत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "आबा, सत्तावीसला मला कळलंतं. धोक्याचं हाय म्हणून. भायेर बोललास तर नोकरी जाईल म्हणाले. म्हनून हिला माहेरी घालवत हुतो." मग तोंडावरनं दोन्ही हात फिरवले. "आणि ते आपल्या दावणीला हुतं."

पण दावणीला बांधलं कुणी?

मुंबईहून एक डॉक्टरबाई आल्यात, राजनंदिनी नाव. सगळ्यांचं रक्त घेतलं. चांगलं समजावून सांगतात. म्हणाल्या, आजोबा, ही काचेत बंद असलेल्या दिव्यासारखी वस्तू. दिवा खोलीत असेपर्यंत उजेड. दिवा उचलून नेला की भिंतीत उजेड उरत नाही. म्हणजे घर स्वच्छ, गोठा स्वच्छ, दूधही स्वच्छ. यंत्र लावून दाखवलं. पण दिवा होता तेव्हा कोण किती जवळ, किती वेळ, त्यावर सगळं. कुतुबनं पकडीनं धरली म्हणून त्याचं थोडक्यात निभावलं. तुकडा जुना, जोर ओसरलेला, म्हणून आम्ही सगळेच वाचलो.

माझ्या हाताचं विचारलं तर "बघू" म्हणाल्या. दवाखान्यातल्या "बघू"चा अर्थ मला या वयात कळतो.

५ नोव्हेंबर

घरी परतलो. डेअरीनं आमच्या गल्लीचं दूध घेतलं नाही. डॉक्टरबाईंनी कागद दिला होता, तो दाखवला. सचिव म्हणाला, कागद खरा आहे, पण बाकीचे म्हणतात यांचं आलं तर आम्ही घालणार नाही. मी दूध परत आणलं आणि रेडकाला पोटभर पाजलं. कुतुबच्या दुकानात तर गिऱ्हाइकानं नवा पट्टा परत आणून टाकला.

हे सगळं सोसलं असतं. दुपारी विहीणबाई आल्या, स्वप्नालीच्या आई, अंबूबाई. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. पाणी घेतलं नाही.

"पावणं, पोरीला न्यायला आलोय. आनी पोटातलं ठेवायचं न्हाय. आमच्या गावात सगळी बोलाय लागल्यात. हात न्हाय पाय न्हाय असलं पोर जल्माला आलं तर कुनी बगायचं?"

"डॉक्टरबाई म्हणत्यात, अजून हिशेब व्हायचाय..."

"डॉक्टरबाई मुंबैला जातील. पोर हितं ऱ्हाईल."

विजयसिंह खाली मान घालून उभा. त्यानं पुढच्या गुरुवारी कोल्हापुरातल्या एका दवाखान्याची वेळ घेतलीय, हे मला त्यांच्या बोलण्यातनं कळलं. स्वप्नाली चुलीपाशी पाठमोरी बसली होती. भाकरी करपल्याचा वास सुटला तरी ती हलली नाही, आईबरोबर गेलीही नाही.

८ नोव्हेंबर

सोमवारी डॉक्टरबाई परत येणार. म्हैस दावणीला उभी करायची, तिच्या गळ्यात तसलीच खोटी तार बांधायची, आणि त्या दिवसांत ज्यानं जे केलं ते परत करून दाखवायचं. त्यावरून कुणाला किती लागलं ते काढणार. स्वप्नालीचं सोपं आहे, मी सगळ्यांना सांगत होतो. पाडव्याला ओवाळलं तेवढीच ती जवळ आली. गोठ्यात तिनं पाऊल टाकलेलं नाही.

मग आज गोठा झाडत होतो. पेंडीचं पोतं आहे तेवढंच. ती शाळेत राहिली तेव्हापासून एक चिमूट कमी नाही. घूस गेली कुठं?

दावणीच्या भिंतीवर, चांदणीच्या डोक्याच्या अंगाला, एक बसायची गुळगुळीत जागा आहे. तिथं पेंडीचा चुरा आणि तुटक्या बांगडीचा हिरवा तुकडा.

चांदणी तिचा हात का चाटत होती ते मला आता कळलं. डोहाळे! कुणाला चिंच लागते, कुणाला माती. आमच्या पोरीला पेंड लागली, आणि म्हशीची पेंड खाताना कुणी बघू नये म्हणून ती दुपारी आम्ही नसताना येत होती. हातभरावर ती तार.

आता मी काय करू? हे सांगितलं तर विजयसिंह तिला गुरुवारची वाटसुद्धा बघू देणार नाही. नाही सांगितलं तर हिशेब खोटा. खोट्या हिशेबावर सुखानं झोपणारा मी नाही, पण खऱ्या हिशेबानं एक जीव जाणार असेल तर? ती तार मी आणली. आता तोंड उघडून पण मीच मारायचं का? आणि मिटून मारलं तर?

तिला विचारावं, तर सासरा म्हणून जीभ रेटत नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी दावणीच्या भिंतीवर मी मूठभर पेंड ठेवली. सवयीनं ठेवली असं म्हणू. चांदणी तिथं खात नाही.

अंगणात सगळी जमली. डॉक्टरबाई, त्यांची दोन माणसं, विजयसिंह, अंबूबाई, कुतुब आणि भाभी. चांदणीच्या गळ्याला औषधाची पट्टी आणि त्यावर खोटी तार. ती बिथरली. मी जवळ जाऊन पुटपुटलो तेव्हा थांबली.

पहिला मी. कुठं खाजवत होतो, बोटं कुठं होती. डॉक्टरबाई टेपनं मोजत होत्या, माणूस घड्याळ बघत होता. मग कुतुबनं रिकामी पकड धरून ओवून दाखवलं. "एवढा वेळ मी निकाहाच्या वेळंला बी लावला न्हवता," म्हणाला.

मग स्वप्नाली. हातात ताट दिलं. तिनं ओवाळून दाखवलं. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. "एवढंच ना?"

मी माझ्या पायांकडं बघत होतो. विजयसिंह म्हणाला, "एवढंच. ती गोठ्यात जातच न्हाय."

ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. स्वप्नाली गोठ्यात गेली आणि दावणीच्या भिंतीवर त्या गुळगुळीत जागेवर जाऊन बसली. चांदणीनं ओळखीनं मान तिच्या मांडीकडं वळवली. ती खोटी तार तिच्या गुडघ्याला लागली.

"हितं," ती म्हणाली. "रोज दुपारी. पेंड खाईत बसायची."

"काय खाईत?" अंबूबाई किंचाळल्या. "अग, म्हशीची पेंड? लाज न्हाय वाटली? माहेरात कुनी उपाशी ठिवलंतं?"

"लाज वाटली म्हनूनच चोरून खाल्ली की."

विजयसिंह पांढराफटक पडला. पण डॉक्टरबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "रोज किती वेळ?"

"मोजला न्हाय. तोंडातली विरघळूस्तवर."

"मग आता खाऊन दाखव."

तिनं भिंतीकडं बघितलं. तिथं मूठभर पेंड होती. तिनं एकदाच माझ्याकडं मान वर केली, मग चिमूट उचलून तोंडात टाकली. आम्ही सगळे उभे. लग्नात वऱ्हाड वधूचा घास बघतं तसे तिचं चघळणं बघत होतो. घड्याळाचा माणूस बघत होता, टेप लावलेली होती, आणि चांदणी आपल्या वाटणीची मागत तिच्या खांद्याला नाक घासत होती.

डॉक्टरबाईंनी आकडेमोड केली. फार वेळ लागला. मग तिला म्हणाल्या, "ज्या रेषेपासून बाळाच्या काळजीचा विचार सुरू करतात, तिच्या साधारण निम्म्यावर तू आहेस. पलीकडं नाही. रक्ताचा अहवाल येईल, तो ताडून बघू. पण या कारणासाठी मूल पाडायला मी सांगणार नाही."

"खात्री देता?" विजयसिंहाचा आवाज फुटला.

"व्यंग नसलेल्या मुलाची खात्री मी कुठल्याच आईला देत नाही. आज ज्या बायका या तारेपासून शंभर कोसांवर आहेत, त्यांनाही नाही. तुमचं बाळ त्यांच्या बाळांपेक्षा फार वेगळं नाही, एवढं सांगते."

"फार म्हंजे किती?" अंबूबाई.

याला त्यांनी उत्तर दिलं, आकडे सांगितले, पण अंबूबाई ऐकत नव्हत्या. माणूस घाबरला की आकडा कानावरनं जातो. मलाही नीटसा कळला नाही. एवढं कळलं की त्या बाईनं एकही गोष्ट आमच्यापासून झाकली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विजयसिंहानं मित्राची चारचाकी आणून दारात उभी केली. कोल्हापूरच्या दवाखान्याची वेळ. अंबूबाई आधीच मागं बसलेल्या. स्वप्नाली बाहेर आली, पण पायात चप्पल नाही.

"चल, उशीर हुतोय," तो म्हणाला.

"अहवाल आला?"

"तो यील तवा यील. तवर हातातनं वेळ जाईल. स्वप्ना, मला सहन व्हायचं न्हाय ग. तुला काय झालं, त्याला काय झालं..."

ती पायरीवर बसली. "तुमी मला माहेरी जा म्हणालासा, का ते सांगितलं न्हाईसा. सांगितलं असतासा तर मी त्याच दिशी गेली असती. चार दुपारी वाचल्या असत्या. मामांनी साखळी आणली, मला कुनी विचारलं न्हाय. गोठ्यात जायचं न्हाय ठरवलं, मला कुनी विचारलं न्हाय. डॉक्टरबाई पयली माणूस, जिनं मला विचारलं आनी मी सांगितलं ते लिवून घेतलं. मला तिचा हिशेब पटतोय. मी ठेवनार."

"आनी काय झालं तर?" अंबूबाई गाडीतनं ओरडल्या.

"तर तुमच्या मांडीवर टाकीन, आई. तुमीच लई काळजी करतायसा."

मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "मामा, तुमाला काय वाटतंय?"

पेंड ठेवायची अक्कल होती, तोंड उघडायची नव्हती. तरी म्हणालो, "पोरी, बॉयलरचा काटा बघून आग विझवायची का ठेवायची ते ठरवतात. भिऊन न्हाय. काटा निम्म्यावर हाय."

विजयसिंहानं गाडीची किल्ली काढली. अंबूबाई उतरल्या आणि एसटीच्या रस्त्याला लागल्या. मागं वळून बघितलं नाही.

४ डिसेंबर

अहवाल आला. स्वप्नालीचा हिशेब बरोबर, रेषेच्या अलीकडे. विजयसिंह कागद घेऊन गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मोठ्या सरकारी दवाखान्यात माझा अंगठा आणि पहिलं बोट काढलं. फार दुखलं नाही. दूध काढता येणार नाही, एवढंच.

१८ जानेवारी

डेअरीनं दूध घ्यायला सुरुवात केली, पण वेगळ्या किटलीत. तीही मी नेली. शाळेत मला बोलावलं होतं. पोरांना हात दाखवला. म्हटलं, रानात चमकणारं, जड, कुणाच्या ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर काय करायचं? सगळी ओरडली, "हात लावायचा न्हाय! लांब पळायचं! मोठ्या माणसाला सांगायचं!" एक पोरगी म्हणाली, "आनी मोठ्या माणसानंच उचललं असंल तर?"

खरं आहे. ते पण शिकवायला हवं.

१ मार्च

आज स्वप्नालीचं डोहाळजेवण झालं. कुतुबनं कवड्यांचा हार केला, नुसत्या कवड्या, तार नाही, तिच्या झोपाळ्याला. मेहमुदाभाभींनी हिरव्या बांगड्या भरल्या. गल्लीतल्या बायका आल्या. बाकीच्या गावातल्या निम्म्या आल्या. ते पण पुष्कळ.

अंबूबाई येतील असं वाटलं नव्हतं. ओटीचं सामान घेऊन आल्या, पण कोपऱ्यात बसल्या.

चांदणीच्या दुधाचं मसाला दूध केलं होतं. पितळी तपेली मधोमध, केशराची तार तरंगतेय. विजयसिंहानं स्वतः दूध काढलेलं, आता तोच काढतो. फुलपात्रं भरून फिरवली. बायकांनी घेतली आणि समोर ठेवली. गप्पा चालल्या, हसणं चाललं, पण फुलपात्राला हात कुणाचा लागेना. स्वप्नालीनं ते बघितलं. तिनं स्वतःचं उचललं, आणि मी पाहिलं, तिचा हात मधेच थांबला. एवढं सगळं धीरानं निभावलेल्या पोरीचा. तिथं एवढ्या बायका तिच्याकडं बघत होत्या.

अंबूबाई उठल्या. खुर्च्यांमधनं वाट काढत आल्या, लेकीच्या हातातलं फुलपात्र घेतलं आणि उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकलं. ओठावरची साय पदरानं पुसली.

"पावणं," माझ्याकडं बघून म्हणाल्या, "साखर कमी पडली. दुसऱ्यांदा करशीला तवा सांभाळून."

मग ओटी भरली. आणि ओटी भरताना तिच्या पोटावर हात ठेवला, तो काढलाच नाही. आतनं लाथ बसली असणार, कारण त्या एकदम हसल्या आणि पाठोपाठ रडल्या. तोवर सगळ्या बायकांनी फुलपात्रं तोंडाला लावलेली.

संध्याकाळी चांदणीला वैरण टाकायला गेलो. गळ्याखाली, जिथं साखळी होती तिथं, नवे केस आलेत. काळ्या म्हशीला तेवढी एक पांढरी चंद्रकोर. उरल्या तीन बोटांनी खाजवलं. आधी मान मागं घेतली. मग हळूच पुढं केली.

साखर बरोबर होती. पुढच्या वेळी चमचाभर जास्त घालू.